तीनशे पावलांचा हवापालट

मराठीत 'हवा' हा शब्द मोठा उपकारी आहे. आपण श्वास घेतो ती हवा, सायकलच्या चाकात भरतो ती हवा, निवडणुकीच्या दिवसांत एखाद्याची असते ती हवा, आणि एखादे गाव मानवले नाही म्हणजे तिथल्या पाण्याच्या जोडीला दोष द्यायलाही हवाच. या शेवटच्या अर्थाची हवा माणसाच्या नशिबाचा भाग मानली जाते. ज्याला परवडते तो ती बदलून येतो. त्याला हवापालट म्हणतात. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत मुक्काम हलवीत, आणि त्यांच्या मागोमाग कारभारही हले. ज्यांना परवडत नाही ते आहे त्या हवेत राहतात आणि "यंदा उकाडा जरा जास्तच आहे" असे म्हणत वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेतात.

आपण माणदेशातली माणसे या दुसऱ्या वर्गातली. जिल्हा एकच, पण त्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि इकडे पूर्वेला आपल्या वाट्याला पाचशेच्या आतबाहेर येतो. तेव्हा हवा बदलायची तर एस. टी. चे तिकीट काढून घाट चढावा लागतो, असे आपण सगळेच धरून चालतो. पण आपल्या महाविद्यालयाच्या दगडी इमारतीच्या पायरीपासून खालच्या ओढ्याकाठच्या भिंतीपर्यंत फक्त तीनशे पावले आहेत, आणि तेवढे चालले तरी हवापालट होतो. गव्हर्नरसाहेबांच्या हवापालटासारखाच तोही सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. या वर्षभरात आम्ही चौघांनी हे मोजून पाहिले. त्याची ही हकीकत.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक गटाला एक क्षेत्रअभ्यास करावा लागतो. दरवर्षी कोणी आठवड्याचा बाजार घेतो, कोणी पाझर तलाव घेतो. आमच्या मनात वेगळाच विषय बसला होता. त्याआधीच्या एप्रिलमध्ये अंतर्गत परीक्षा चालू असताना पत्र्याच्या वर्गात प्रथम वर्षाच्या एका मुलीला भोवळ आली. तिला बाहेर आणून पाणी पाजले, कांदा हुंगवला, सगळे उपचार झाले. जमलेल्यांपैकी एकाने खिशातून मोबाईल काढून पाहिला आणि म्हणाला, "आज तर एकोणचाळीसच आहे. काल एक्केचाळीस होते!" त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. पण त्या मुलीला झालेला त्रासही खोटा नव्हता. मग ते एकोणचाळीस होते तरी कुठे?

हा प्रश्न आम्ही सरांना विचारला. सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. माझ्याकडून उत्तर घेऊ नका, हवेकडून घ्या." आणि आम्ही अडकलो.

हवामानखात्याचे तपमान ज्या पेटीत मोजतात तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. लाकडी, पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंनी झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या असलेली ही पेटी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, मोकळ्या जागेत उभी असते. आपल्याकडे तिचे दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे उघडताना आत ऊन शिरत नाही. ती काढणारा थॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडचा दीपस्तंभ बांधणारा अभियंता. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा तो बाप. बापाने हवेला सावलीत बसवले आणि मुलाने वाचकांना समुद्रावर नेले. इंग्रजीच्या वर्गात आम्ही मुलाला ओळखत होतो. बाप भूगोलात भेटला.

या पेटीची मांडणी अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे. ऊन लागू द्यायचे नाही, वारा अडवायचा नाही, जमिनीचा किंवा भिंतीचा शेक पोचू द्यायचा नाही. असे केले तरच जळगावची हवा रत्नागिरीच्या हवेशी आणि यंदाची हवा पन्नास वर्षांपूर्वीच्या हवेशी ताडून पाहता येते. तेव्हा पेटीतला आकडा खोटा नाही. एवढेच, की त्या पेटीत कोणी राहत नाही. आपण उन्हात, पत्र्याखाली, तापलेल्या भिंतीला टेकून राहतो. शिवाय आपल्या मोबाईलवर दिसणारा आकडा बहुधा आपल्या गावात मोजलेलाही नसतो. आसपासच्या केंद्रांच्या नोंदी आणि संगणकाचा हिशेब यांवरून तो काढलेला असतो.

हा फरक किती जिवावर बेतू शकतो हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी त्या भागातले कमाल तपमान अडतीस अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. आपल्याकडे अडतीस म्हटले की लोक हसतात. पण ते अडतीस सावलीतले होते. माणसे तासन्‌तास उन्हात होती, आणि हवा समुद्रकाठची दमट होती.

आमची साधने अगदी साधी होती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सहा उष्णतामापक मिळाले. एका अंशाच्या खुणा असलेले ते. अर्धा अंश डोळ्यांनी अंदाजावा लागे. ते सगळे प्रथम एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून एकमेकांशी ताडून घेतले. एक अर्धा अंश जास्त दाखवी. त्याच्या शेपटीला लाल दोरा बांधला आणि त्याच्या प्रत्येक नोंदीतून अर्धा वजा केला. उन्हापासून आडोसा म्हणून पांढऱ्या पुठ्ठ्याच्या दोन्ही तोंडांनी उघड्या नळ्या केल्या. भिंतीचा आणि छताचा शेक माणसाला किती बसतो हे समजावे म्हणून सरांनी एक युक्ती सांगितली. जिमखान्यातले टेबल टेनिसचे जुने चेंडू घेऊन ते काळे रंगवले, भोक पाडून त्यात उष्णतामापकाचा फुगा बसवला. हवेचे तपमान नळी सांगते. हवा आणि शेक मिळून अंगाला काय लागते याचा अंदाज काळा चेंडू देतो.

करोनाच्या काळात कपाळावर रोखायला आणलेल्या दोन बंदुकाही कार्यालयाच्या कपाटात पडून होत्या. त्यांतली एक आम्ही दुपारी अडीच वाजता प्रांगणातल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर रोखली. तिने आकडा दाखवलाच नाही, नुसते 'हाय' असे लिहून दाखवले. तिच्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'माझ्या आवाक्यापलीकडे' असा होतो. आम्हाला मात्र तो शुद्ध मराठी 'हाय' वाटला.

सहा जागा ठरवल्या. दगडी इमारतीचा व्हरांडा, विहिरीजवळचा वड, मैदानाचा मध्य, सिमेंटच्या ठोकळ्यांचे प्रांगण, पत्र्याचे वर्ग, आणि अगदी खाली ओढ्याजवळची जागा, जिथे पहारेकऱ्याची खोली आणि 'कमवा व शिका' योजनेतली रोपवाटिका आहे. पहिला फेरा डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे, दुसरा मार्च-एप्रिलमध्ये सहा आठवडे. सकाळी सात, दुपारी अडीच आणि रात्री नऊ अशा तीन वेळा. गळ्यात दोरीने चेंडू अडकवून हिंडणाऱ्या आम्हा चौघांवर कॉलेजात काय काय कोट्या झाल्या त्या छापण्याजोग्या नाहीत. "इमारतीला ताप आलाय का रे?" ही त्यांतली सर्वांत सभ्य.

आता काय आढळले ते सांगतो. दुपारी वडाखाली गार वाटते, म्हणजे तिथली हवा चार-पाच अंशांनी तरी थंड असणार, अशी आमची पैज लागली होती. नळीतल्या उष्णतामापकाने सगळ्यांनाच गप्प केले. मैदानावर अडतीस, तर वडाखाली साडेछत्तीस! अवघा दीड अंश. पण काळा चेंडू मैदानात सत्तेचाळीसवर गेला आणि वडाखाली सदतीसवर थांबला. म्हणजे झाड हवा फारशी थंड करीत नाही. वारा वाहता असतो, एका झाडाखाली तो कितीसा वेळ थांबणार? झाड आपल्याला उन्हाच्या माऱ्यातून सोडवते, पायाखालची जमीन तापू देत नाही, आणि हे दोन्ही मिळून दहा अंशांचे काम होते. मोबाईलच्या आकड्यात हे दहा अंश कधीच दिसत नाहीत.

पत्र्याच्या वर्गात उलटा प्रकार. ऊन एक कणही आत येत नाही, तरी नळी बाकाच्या उंचीवर एक्केचाळीस दाखवी आणि काळा चेंडू पंचेचाळीस. पत्रा दिवसभर तापतो आणि खालच्या बाजूने डोक्यावर शेक सोडतो. आमच्या नोंदवहीत एका दुपारी लिहिलेले आहे : 'वर्गात सावली आहे, पण सावलीत चूल आहे.' हे वाक्य आमच्यातल्या मराठी विषय घेतलेल्या मैत्रिणीचे. भूगोलाच्या वहीत असे लिहीत नाहीत म्हणून सर रागावतील असे वाटले होते. त्यांनी त्याखाली बरोबरची खूण केली.

दगडी इमारतीची तऱ्हा निराळी. दोन फूट जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि त्यांखाली लाकडी तक्तपोशी. दुपारी अडीचला व्हरांड्यात चेंडूही पस्तिसाच्या पुढे जात नसे. पण रात्री नऊला मैदान तीस अंशांवर उतरलेले असे, पत्रा केव्हाच निवलेला असे, आणि व्हरांड्यातली भिंत मात्र हाताला कोमट लागे. दुपारची उष्णता दगडातून रांगत रांगत संध्याकाळी आत पोचते. जुन्या वाड्यांतले लोक दुपार माजघरात काढीत आणि रात्री अंगणात किंवा गच्चीवर निजत, यामागे हाच हिशेब होता. त्यांनी उष्णतामापक पाहिले नव्हते. त्यांना घरातल्या घरात हवापालट करता येत होता.

आमच्या आवारातही असे जाणते लोक निघाले. झाडलोट करणाऱ्या मावशी उन्हाळ्यात ग्रंथालयाच्या मागच्या, उत्तरेकडच्या बोळात भाकरी खायला बसतात. हिवाळ्यात त्या पूर्वेच्या पायऱ्यांवर असतात. आम्ही सहा आठवड्यांच्या नोंदी घालून नकाशा रंगवला, तेव्हा एप्रिलमधली दुपारची सर्वांत सुसह्य उघडी जागा म्हणून नेमका तोच बोळ निघाला. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना हे सांगायला गेलो. मावशी म्हणाल्या, "तुमचा कागुद काय म्हनतोय त्यो म्हनू द्या, पर हितं बारा महिनं वारं खेळतंय. आन् भिताडाला ऊन न्हाई." आमचे सगळे निष्कर्ष या दोन वाक्यांत आले होते. मग आम्ही कॉलेजातल्या तपकिरी कुत्र्याच्याही बैठका टिपू लागलो. तोही दिवसातून चार वेळा जागा बदलतो आणि सहसा चुकत नाही.

हिवाळ्यातल्या पहाटेने आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. जानेवारीत एका निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे दगडी इमारतीपाशी साडेअकरा अंश होते आणि तीनशे पावले खाली ओढ्याजवळ सात. साडेचार अंशांचा फरक! पहारेकरी तात्यांना आम्ही हे कौतुकाने सांगितले. ते शेकोटीत काटकी सारीत म्हणाले, "खाली गारठा बसतोय की. वारं सुटल्याबिगर त्यो उठत न्हाई." शास्त्रीय भाषेत सांगायचे तर निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला टेकलेली हवा थंड होते, थंड हवा जड असते, म्हणून ती उताराने पाण्यासारखी खाली वाहते आणि सखल जागी साचते. वारा सुटला म्हणजे ढवळली जाऊन नाहीशी होते. तात्यांचे वाक्य छोटे आहे आणि त्यात चूक एकही नाही. मराठीत थंडी 'पडते', 'उतरते' आणि गारठा 'बसतो'. आपल्या भाषेने हवेची चाल फार पूर्वीच पाहून ठेवली आहे.

आम्ही ती चाल डोळ्यांनी पाहिली. पहाटे साडेपाचला मैदानाच्या खालच्या कडेला उदबत्ती लावून जमिनीजवळ धरली. धूर सरळ वर गेला नाही. तो आडवा झाला आणि सावकाश ओढ्याच्या दिशेने निघाला. पाच-सहा पावलांवर दुसरी उदबत्ती लावली, तिचाही धूर तिकडेच. पण कुंपणाच्या भिंतीपाशी आल्यावर धूर थबकला आणि तिथल्या तिथे पसरला. पूर्वी तिथे घायपाताचे कुंपण होते, त्यातून गारठा ओढ्यात निघून जाई. आता पक्की भिंत झाली, आणि बांधाआड पाणी साचावे तशी तिच्याआड थंडी साचते. पहारेकऱ्याची खोली नेमकी त्या न दिसणाऱ्या तळ्याच्या तळाशी आहे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आपल्या जिल्ह्यात दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, पर्यटक त्यांचे फोटो काढतात, आणि त्याच पहाटे बाजारपेठेतले तपमान गोठणबिंदूच्या बरेच वर असते. पुण्यातही हिवाळ्यात एकाच पहाटे शिवाजीनगर आणि मगरपट्टा यांच्या किमान तपमानात काही अंशांचे अंतर दिसते. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या थंडीत बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात ते गावाच्या तपमानाकडे पाहून नव्हे, आपल्या बागेच्या मांडवाखालच्या हवेकडे पाहून.

या शास्त्राची भारतातली पायाभरणी एका महाविद्यालयाच्या आवारातच झाली, हे सरांनी सांगितले तेव्हा आमची छाती थोडी फुगली. १९३२ साली हवामानखात्याने पुण्यात कृषि-हवामानशास्त्राची शाखा सुरू केली आणि तिची सूत्रे डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे दिली. रामदास म्हटले की आपल्याकडे सज्जनगड आठवतो. हे रामदास केरळाकडचे, सर सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या शेतावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसात, ज्वारीत, उघड्या जमिनीवर, निरनिराळ्या उंचींवर हवा मोजली.

१९३२ सालीच रामदास आणि आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीलगत असायला हवी, असे पुस्तके सांगत. यांना ती जमिनीपासून थोडी वर, वीतभर ते हातभर उंचीवर सापडली. परदेशातल्या पुष्कळ शास्त्रज्ञांना हे पटेना. मोजण्यातच काही तरी चुकले असणार असे त्यांचे मत पडले. १९५७ साली राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच केलेली मोजणी प्रसिद्ध झाली आणि ती रामदासांच्याच बाजूची निघाली. १९९० नंतर बंगळूरला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचे गणित मांडले. जगाच्या पुस्तकांत आता त्या थंड पट्ट्याला 'रामदास थर' म्हणतात. उष्णतामापक छातीच्या उंचीवरच्या पेटीतून काढून घोट्यापाशी, गुडघ्यापाशी नेऊन ठेवायचा एवढेच त्यांनी केले होते. पण तसे करावेसे दुसऱ्या कोणाला फारसे वाटले नव्हते.

मार्चअखेर आमचे दोन नकाशे तयार झाले. एक पहाटेचा, एक दुपारचा. थंडीला निळा रंग, उन्हाला तांबडा. ते भूगोल विभागाच्या टेबलावर पसरले होते आणि शेजारी, निव्वळ योगायोगाने, वेळापत्रकाचा तक्ता पडला होता. आमच्यातल्या एकीने पेन्सिल घेतली आणि नकाशावर कोण केव्हा कुठे असते ते लिहायला सुरुवात केली. पाच मिनिटांत टेबलाभोवती शांतता झाली.

दगडी इमारतीत प्राचार्यांचे दालन, कार्यालय, प्राध्यापक कक्ष, ग्रंथालय आणि तृतीय वर्षाचे, म्हणजे आमचे वर्ग. पत्र्याखाली प्रथम वर्ष कला, आणि तेही साडेबारा ते तीन. सकाळी सहाला रोपवाटिकेत 'कमवा व शिका'ची मुले, आणि तीच मुले दुपारी मैदानाची झाडे भिजवायला उन्हात. रात्रभर भिंतीआडच्या गारठ्यात तात्या. दुपारच्या नकाशात तांबडा रंग गडद होत जाईल तसतसा माणसाचा महाविद्यालयातला अधिकार कमी होत जात होता. पहाटेच्या नकाशात निळ्या रंगाची तीच गत. आम्ही हवेचा नकाशा काढायला निघालो होतो. निघाला तो उतरंडीचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे कोणी ठरवून केलेले नाही. दगडी इमारत देणग्यांतून, श्रमदानातून उभी राहिली. त्या वेळी विद्यार्थीच थोडे होते. पुढे संख्या वाढली, पैसा कमी पडला, म्हणून पत्र्याचे वर्ग आले. जुन्यांनी जुन्या जागा सोडल्या नाहीत आणि नव्यांना नव्या जागा मिळाल्या. भिंत आली ती चोऱ्या होऊ लागल्या म्हणून. प्रत्येक गोष्टीला सयुक्तिक कारण आहे. पण सगळी सयुक्तिक कारणे एकत्र केली तर सर्वांत वाईट हवा सर्वांत गरीब मुलाच्या डोक्यावर येते. ती कोणाच्या दुष्टपणातून आलेली नसल्याने दूर करायलाही कोणाचा विरोध नसावा, असे आम्हाला वाटले.

आम्ही प्राचार्यांना नकाशे दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला : "उपाय काय?" आमच्याकडे मोठा उपाय नव्हता, एक छोटा प्रयोग होता. पत्र्याचे दोन वर्ग शेजारी शेजारी, एकाच मापाचे, एकाच तोंडाचे. दोन्हींच्या नोंदी आतापर्यंत अर्ध्या अंशाच्या फरकाने सारख्या होत्या. त्यांपैकी एकाच्याच पत्र्यावर आम्ही चुन्याचे दोन जाड हात दिले. चुना, डिंक आणि दोन कुंचे, एवढाच खर्च, शिडी कार्यालयाची. तिसऱ्या दिवसापासून पांढऱ्या वर्गातला काळा चेंडू शेजारच्यापेक्षा चार अंश खाली राहू लागला. पांढरा रंग ऊन परतवतो हे सातवीच्या पुस्तकात आहे. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेच्या लाटेविरुद्धची आपली योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे कामही तिच्यात आले. आम्ही नवे काही केले नाही. पण आमच्या नोंदवहीपेक्षा मोठा पुरावा मुलांनीच दिला. आठवड्याभरात पांढऱ्या वर्गात एका बाकावर चौघे बसू लागले आणि शेजारचा वर्ग ओस पडू लागला. इतिहासाच्या मॅडमनी तर आपला तास परस्पर तिकडे हलवला. त्यांना चुन्याचे काही ठाऊक नव्हते, त्या म्हणाल्या, "इथे मुले ऐकतात."

मग दुसऱ्या छपरालाही चुना लागला. मार्चपासून प्रथम वर्षाचे पत्र्याखालचे तास सकाळच्या सत्रात घ्यायचे आणि मोकळ्या झालेल्या दुपारच्या वेळी ते वर्ग बंद ठेवायचे, असे पुढच्या वर्षापासून ठरले आहे. तृतीय वर्षाला त्यासाठी दगडी इमारतीतली एक खोली सोडावी लागेल. आमच्या काही मित्रांना हे रुचलेले नाही. त्यांना एकच विनंती : एप्रिलमध्ये दुपारी अडीचला पत्र्याखाली दहा मिनिटे बसून मग आक्षेप घ्यावा. तात्यांची रात्रीची बाज आता जिमखान्याच्या ओट्यावर असते. ओटा ओढ्यापासून वीसेक फूट उंच आहे आणि तिथून फाटकही दिसते. "तुमच्या उदबत्तीला यश आलं म्हनायचं," असे ते म्हणाले. रोपवाटिका मात्र अजून तिथेच आहे, आणि पहाटे सहाला हात गारठलेली मुलेही.

आता एक निर्णय व्हायचा आहे. मैदानाची उत्तरेकडची बाजू सिमेंटच्या ठोकळ्यांनी बंद करायची, त्यासाठी दोन कडुलिंब काढायचे, असे चालले आहे. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, मुलींच्या साड्या आणि सलवारी खराब होतात, समारंभाला मांडव घालता येत नाही, ही कारणे खरी आहेत. पण आजच्या प्रांगणातल्या ठोकळ्यांच्या फटीत धुळीखाली ठेवलेला उष्णतामापक दुपारी छपन्न अंश दाखवतो, आणि कडुलिंबाखालच्या मातीत तेहतीस, हेही खरे आहे. शिवाय त्या कडुलिंबांची सावली दुपारनंतर कुठे सरकते ते नकाशात पाहावे. ती ग्रंथालयामागच्या बोळाच्या तोंडावर पडते. ते लिंब गेले तर मावशींची जागा जाईल, आणि मुलींच्या विश्रांतिकक्षाची भिंतही तापू लागेल. वाटेपुरते ठोकळे घालून लिंबांभोवती माती राखता येणार नाही का, एवढेच आमचे विचारणे आहे. ते आम्ही अर्ज करून विचारले आहे. इथे पुन्हा विचारतो, कारण वार्षिक अंक सगळे वाचतात आणि अर्ज एकच माणूस वाचतो.

दोन्ही नकाशे भूगोल विभागाच्या बाहेर, फलकावर लावलेले आहेत. आम्ही चौघे यंदा बाहेर पडतो. उष्णतामापक, काळे चेंडू आणि नोंदवही सरांच्या कपाटात ठेवली आहे. पावसाळ्याच्या नोंदी अजून व्हायच्या आहेत. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर कुठली जमीन किती लवकर निवते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या ज्या मित्रमैत्रिणींना हे पुढे चालवावेसे वाटेल त्यांनी सरांना भेटावे. विषय कोणताही चालेल, भूगोलच पाहिजे असे नाही. सकाळी सातच्या नोंदीला मात्र उशीर चालत नाही, आणि लाल दोऱ्याच्या उष्णतामापकातून अर्धा अंश वजा करायला विसरू नये.